ब्रेक ऑइल तेवढं बदलून घ्या

मी आत शिरले ती बाहेर जायच्या गेटातून.

दोन गेटं होती. दोन्हींवर बाण रंगवलेले. आणि बाण दिसला की माझं डोकं नेमकं उलट चालतं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी गाडी वळवली, जरा पुढे घेतली आणि — फस्स! — समोरून पाण्याचा असा फवारा आला की काचेपलीकडचं जगच पुसून गेलं. गाड्या धुवायची जागा होती ती. मी वायपर लावायला गेले, तर इंडिकेटर लागला. इंडिकेटर बंद करायला गेले, तर हॉर्न वाजला...

पाणी थांबलं. समोर एक तरुण उभा होता. दोन्ही हात वर केलेले, जणू मी त्याच्यावर बंदूकच रोखलीय. राखाडी शर्ट अर्धा भिजलेला, बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन.

तो खिडकीशी आला. मी काच खाली केली. आधी मागची झाली, मग माझी.

"मॅडम, इथून गाड्या बाहेर पडतात."

"मग मी... पडू का बाहेर?"

"तुम्हाला आत यायचं होतं की बाहेर जायचं होतं?"

"सर्व्हिसिंगला आले होते."

"मग आलातच म्हणायचं," तो म्हणाला. हसला नाही, पण हसू गालात कोंबून ठेवल्यासारखं दिसत होतं. "धुणं आधी झालं, बाकीचं नंतर होईल. उतरा, मी लावतो गाडी."

त्याच्या डाव्या भुवईवर पाण्याचा एक थेंब अडकला होता. आता पडेल, मग पडेल... पडतच नव्हता. किल्ली देताना मी त्या थेंबाकडेच बघत राहिले, आणि किल्लीऐवजी त्याच्या हातात माझी लिपस्टिक ठेवली.

"ही कुठे लावू?" त्याने विचारलं.

ओळख झाली ती अशी. तो तिथला सर्व्हिस ॲडव्हायजर. गाडी तपासून तिला काय हवं-नको ते गिऱ्हाइकाला सांगणारा. आणि मी दातांची डॉक्टर. गाडी बाबांची. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांनी चालवणं सोडलं, आणि एका संध्याकाळी किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ठमे, आजपासून तू सारथी." सारथ्याला सर्व्हिसिंगही करावं लागतं, हे काही ते बोलले नव्हते. पुढच्या रविवारी मावशीची साठी होती. मावशी राहते डोंगरावर. आई-बाबांना घेऊन मी जायचं, असं ठरलेलं.

त्याच्या टेबलासमोर बसले. त्याने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. थेंब गेला. मला उगीचच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

"ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं, काही कल्पना?"

"ब्रेकला ऑइल असतं?"

त्याने कानावरचं पेन काढलं, माझ्याकडे पाहिलं, पेन परत कानावर ठेवलं. "असतं," तो इतक्या मऊपणे म्हणाला की मला माझ्या अडाणीपणाचं वाईटसुद्धा वाटलं नाही.

मग त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, आणि त्याचा आवाजच बदलला. आत्तापर्यंत बोलणारा माणूस कुठेतरी उठून गेला आणि त्याच्या जागी स्टेशनवरची घोषणा सुरू झाली.

"इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, गाडीला खालून गंजरोधक कोटिंग, ब्रेक ऑइल, व्हील अलाइनमेंट, सीटला शांपू..."

"सीटला शांपू?"

"रेकमेंडेड आहे."

"आणि इंजिन फ्लश म्हणजे?"

"इंजिन आतून धुतात."

"घाण झालंय का ते?"

"...रेकमेंडेड आहे."

मी पुढे वाकले. आवाज बारीक केला. "खरं सांगा ना. यातलं खरंच काय काय लागतं?"

तो थबकला. त्याची नजर माझ्यावरून निघाली आणि कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनकडे गेली. तिथे टायवाला मॅनेजर फोनवर बोलत होता, पण डोळे इकडेच. नजर परत माझ्याकडे आली. ओठ उघडले, मिटले...

"सगळंच रेकमेंडेड आहे, मॅडम."

पण हे म्हणताना त्याच्या हातातलं पेन पडद्यावरच्या एका ओळीवर टेकलं. टक्. टक्. ब्रेक ऑइल.

सवय होती? खूण होती? की शाई अडकली म्हणून आपटत होता? मला काही कळेना. "घरी विचारून सांगते," म्हणाले आणि वेटिंग रूममध्ये जाऊन बसले.

पहिला फोन दादाला. दादा दूरदेशी असतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. "सगळं करून टाक," तो म्हणाला. "कंपनीला कळतं की तुला कळतं?"

दुसरा मामाला. "अजिबात नाही! ऑइल बदल, फिल्टर बदल आणि घरी ये. बाकी सगळी लुटालूट. मला दोनदा लुटलंय."

तिसरा बाबांना. "गाडीला काय धाड भरलीय?" बाबा म्हणाले. "परवापर्यंत मी चालवत होतो. काही लागत नाही तिला." मागून आईचा आवाज आला, "त्या मुलालाच विचार ना नीट. चेहऱ्यावरून कळतं माणूस खरं बोलतो की नाही." मी काचेतून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा चांगलाच होता. अडचण हीच तर होती!

दोन बायकांची भांडणं आणि दादला उपाशी, तशी माझी अवस्था. मी उठून कॉफीच्या यंत्रापाशी गेले. यंत्र लाकडी पार्टिशनला टेकून ठेवलेलं, आणि पलीकडे मॅनेजरचा आवाज होता.

"तुमचे फ्लश किती झाले आज?"

"दोन झाले, सर."

"तिसरा?"

"तिसऱ्या बाई... बाहेर बसल्यात."

त्याचाच आवाज. तोच, मऊ.

कप हातात तसाच राहिला. कोणी मला 'तिसऱ्या बाई' म्हटलं तर एवढं काय आकाश कोसळतं? गिऱ्हाईक होते, गिऱ्हाईक म्हटलं. पण मग तो भुवईवरचा थेंब, ते गालात कोंबलेलं हसू — तेही सगळं रेकमेंडेड होतं की काय?

मी तरातरा त्याच्या टेबलाशी गेले. "फक्त इंजिन ऑइल आणि फिल्टर. बाकी काही नको."

"ठीक आहे. पण मॅडम, ब्रेक ऑइल तरी... एक मिनिट, मी तुम्हाला मीटर लावून दाखवतो, त्यात पाणी किती झालंय ते—"

"नको. तिसऱ्या बाई नको म्हणतायत."

त्याचे कान लाल झाले. मुकाट्याने त्याने एकेक ओळ खोडली. ब्रेक ऑइलपाशी क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. तीही ओळ गेली.

जाताना गेट मात्र मी बरोबर पकडलं. बाहेर जायचं होतं ना.

---

सोमवारी दुपारी फोन आला. माझ्यासमोर एक आजोबा आ वासून बसले होते.

"सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय. गाडी कशी चाललीय, मॅडम?"

"चांगली."

"आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

"तुम्हाला किती हवेत? रेकमेंडेड किती आहेत?"

"मला शून्य द्या. पेडल दाबल्यावर ब्रेक लगेच लागतो की जरा खाली गेल्यावर?"

"लागतो," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आजोबा आ वासूनच म्हणाले, "होण होतं?" कोण होतं! मला तरी कुठे धड माहीत होतं?

बुधवारी संध्याकाळी परत तोच नंबर.

"हा फोन कंपनीचा आहे का?" मी आधी तेच विचारलं.

"हो... नाही. म्हणजे नंबर कंपनीचा आहे."

"आणि बोलणारा?"

"बोलणारा घरी आलाय. डबा धुतोय." खरंच मागे नळाचा आवाज येत होता. "डॉक्टर, एक ऐकाल? ब्रेक ऑइल तेवढं बदलून घ्या. आमच्याकडे नको. कुठेही करा. गल्लीतल्या गॅरेजात करा. फ्लश नको, कोटिंग नको, शांपू तर मुळीच नको. पण एवढं करा."

'मॅडम'चं 'डॉक्टर' कधी झालं? आणि मला ते खटकलं कसं नाही?

"तुमच्याकडे नको, तर मग तुम्हाला त्यात काय मिळणार?"

"काही नाही."

"मग फोन का केलात?"

नळ बंद झाला. "...तेच कळत नाहीये," तो म्हणाला.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं, म्हणजे नळाचं सोडून. मामा आले होते. ते टाळी वाजवून म्हणाले, "हीच त्यांची नवी युक्ती! आधी 'कुठेही करा' म्हणायचं, म्हणजे तुझा विश्वास बसतो, मग तू धावत त्यांच्याकडेच जातेस." बाबांनी मान डोलावली. आई म्हणाली, "मला तर बाई तो मुलगा काळजीतला वाटतो." आणि मी? मी आईचं ऐकून हो म्हणत होते, मामांचं ऐकूनही हो म्हणत होते. हो-नाही करता करता आठवडा संपला आणि रविवार उजाडला.

---

चढताना काही झालं नाही. मावशीकडे साठीचा केक कापला, बाबांनी भाषण केलं, ते कोणी संपवू देईना म्हणून रुसले. दुपारी निघालो. उतरणीला धुकं होतं. झाडं एकेक करून धुक्यातून बाहेर यायची आणि परत आत जायची. रस्ता सारखा वळत होता, मी सारखा ब्रेक दाबत होते.

एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा जास्त खाली गेलं. मला वाटलं, भास.

पुढच्या वळणावर ते अजून खाली गेलं. ओल्या उशीवर पाय ठेवल्यासारखं. गाडी हळू व्हायचं नाव घेईना.

"ठमे, जरा सावकाश," बाबा म्हणाले.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये."

मग बाबा, ज्यांना त्या धुक्यात धड रस्ताही दिसत नव्हता, अगदी शांत आवाजात म्हणाले, "गिअर खाली घे. दुसरा. आता पहिला. हँडब्रेक हळूहळू ओढ, एकदम नको." इंजिन कळवळल्यासारखं ओरडलं. डावीकडे डोंगर होता, त्याच्या पायाशी मातीचा ढिगारा. मी गाडी त्यात घातली. खर्रर्र करत ती घासली, हिंदकळली आणि थांबली.

आई मागच्या सीटवरून म्हणाली, "सगळे आहेत ना?" आम्ही तिघंच होतो, पण मी मोजलं. सगळे होते.

उतरले. चाकांपाशी जळका वास येत होता. फोन काढला. दादा, मामा, मदतीचा नंबर, सगळे होते त्यात. बोट गेलं ते त्याच्याच नंबरावर.

"डॉक्टर?"

"ब्रेक..." एवढंच बोलले आणि मला रडू फुटलं.

"थांबलात का? आधी ते सांगा. गाडी थांबलीय?"

"हो."

"कोणाला लागलंय?"

"नाही."

"बास. मग काही झालेलं नाही. चाकांना मोठे दगड लावा. गाडीत बसू नका, रस्त्याच्या आतल्या बाजूला उभे राहा. थोड्या वेळाने पेडल परत कडक लागेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, गाडी अजिबात हलवू नका. मी येतो."

"तुम्ही कशाला..."

"येतो," तो म्हणाला.

आणि आला. गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून. आज राखाडी शर्ट नव्हता. चुरगळलेला निळा टी-शर्ट होता, आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. धुक्यातून चालत आला, आधी आईला म्हणाला, "काकू, बसायला खुर्ची आणलीय," आणि खरंच ट्रकमधून एक प्लॅस्टिकची खुर्ची काढली. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे. त्याने हात पुढे केला... मध्येच थांबवला... आणि पाण्याची बाटली पुढे केली.

गाडी ट्रकवर चढेपर्यंत बाबांनी त्याला धारेवर धरलं.

"काय झालं नेमकं?"

"ब्रेक ऑइल जुनं झालं की त्यात हवेतलं पाणी मुरतं, काका. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते तापून उकळतं. त्याचे बुडबुडे होतात. मग तुम्ही पेडल दाबता, पण दाबले जातात नुसते बुडबुडे."

"आणि बाकीचं ते? फ्लश नि कोटिंग नि काय काय?"

"ते नाही केलं तर काही होत नाही. गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक येतं, त्यात कशाला केव्हा हात लावायचा ते लिहिलेलं असतं. ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट. टायर एका बाजूने झिजत असतील तर अलाइनमेंट. पुस्तकात नाही आणि गाडी काही तक्रार करत नाही, अशा गोष्टीला आधी 'का' म्हणून विचारायचं."

"मी विचारलं होतं," मी म्हणाले. आवाज चढला माझा. "मी विचारलं होतं की खरंच काय लागतं! तुम्ही म्हणालात, सगळंच."

ट्रकवाल्याने साखळी ओढायची थांबवली.

"हो," तो म्हणाला. मान खाली नव्हती, सरळ माझ्याकडे बघत होता. "खरं आणि फालतू, दोन्ही मी एकाच सुरात सांगितलं. मग ऐकणारा दोन्ही टाकून देतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्यात तुमची काही चूक नाही. त्या दिवसापासून मला... म्हणजे झोप..." तो अडखळला. "गाडी चढली वाटतं."

मी रागावले होते. रागावलेच होते! मग परतताना ट्रकच्या खच्चून भरलेल्या केबिनमध्ये त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि मी तो बाजूला घेत नव्हते, याचा अर्थ काय लावायचा?

---

बाबांचा राग गेला तो वेगळ्याच वाटेने. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरला फोन लावला आणि त्या मुलाची तोंडभर स्तुती केली. "हिरा आहे तुमचा माणूस! सुट्टीच्या दिवशी डोंगरावर आला! आणि काय प्रामाणिक! फ्लश, कोटिंग सगळं फालतू असतं, स्वतः सांगितलं त्याने!"

"बाबा!" मी डोकं धरलं. "हे कोणाला सांगितलंत तुम्ही?"

"मॅनेजरला. का? बढती मिळेल पोराला."

मी त्याला फोन लावला. बंद. संध्याकाळी परत बंद. मंगळवारी दवाखान्यातून निघून थेट सर्व्हिस सेंटरला गेले. त्याच्या टेबलाशी दुसरंच कोणीतरी होतं. "ते आता इथे नसतात," त्याने सांगितलं. "कुठे असतात?" तर ताकास तूर लागू देईना. काचेच्या केबिनमधून टायवाला बघत होता. नंबर कंपनीचा होता... तो कंपनीकडेच राहिला असणार. मला त्याचं घर माहीत नव्हतं. नळाचा आवाज तेवढा माहीत होता.

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागेना. आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांचा एक नियम आहे. आलेल्या प्रत्येकाला 'दात पांढरे करून घ्या' असं सुचवायचं. मीही सुचवायचे. एका बाईंनी विचारलं, "खरंच गरज आहे का हो?" आणि माझा आवाज बदलायला लागला, स्टेशनवरच्या घोषणेसारखा... मी मध्येच थांबले. "नाही," म्हणाले. "दात चांगले आहेत तुमचे. ही एक कीड तेवढी आत्ता भरून घ्या, नाहीतर वाढेल." बाईंनी लगेच भरून घेतली. मोठे डॉक्टर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मला कसं हलकं हलकं वाटत होतं, आणि हे सांगायचं होतं ते फक्त एकाच माणसाला.

तो आला. असाच एका सकाळी, पेशंटच्या बाकावर, उजवा गाल पुरीसारखा फुगवून.

"तुम्ही!"

"दाढ," तो म्हणाला.

खुर्चीत बसवलं. दिवा तोंडावर ओढला. चुकीचंच औजार उचलते की काय अशी धास्ती वाटत होती, पण कामाला लागले की हात माझं ऐकतात. "कुठे होतात? मी आले होते सर्व्हिस सेंटरला."

"आला होतात?" तो एकदम उठून बसला, दिव्याला डोकं आपटलं. "आई गं... मला स्पेअर पार्टच्या गोदामात टाकलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. फोनही काढून घेतला, तुमचा नंबर त्यातच राहिला; दवाखान्याचं नाव तेवढं लक्षात होतं. पण छान आहे तिथे, कोणाला काही विकायचं नसतं. नुसते नटबोल्ट. ते कधी विचारत नाहीत, खरंच लागतं का म्हणून."

"बाबांमुळे झालं ते. त्यांना वाटलं, बढती मिळेल."

"काकांना सांगा, मिळाली." तो हसला, पण गाल दुखला म्हणून कळवळलाही. "डॉक्टर, मी फार गोंधळलोय. दोन ठिकाणी दाखवलं. एकजण म्हणतो चार दाढांचं काम करायला लागेल. दुसरा म्हणतो मिठाच्या गुळण्या करा, काही होत नाही. कोणाचं ऐकू?"

मी दाढेचा एक्स-रे फोटो काढला. वर उजेडात धरून त्याला दाखवला. "ही अक्कलदाढ. आडवी आलीय, शेजारणीला ढकलतेय. ही काढावी लागेल, टाळून चालणार नाही. पण आज नाही. आधी गोळ्या, सूज उतरू दे. बाकीच्या दाढांना हात लावायची गरज नाही."

"आणि दात पांढरे करणं? बाहेर बोर्ड आहे मोठा."

"मुळीच नको."

तो फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होता. "असं सांगायला हवं होतं मी तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी."

मी गोळ्या लिहून दिल्या. त्याचं नाव दोनदा चुकीचं लिहिलं.

सूज उतरली, तो परत आला. भूल दिली, दाढ काढली. हट्टी होती, पण निघाली. कापसाचा बोळा ठेवला आणि म्हणाले, "घट्ट चावून धरा. बोलायचं नाही."

पण तो बोलायला लागला. "हुम्मी... हला..."

"बोलायचं नाही म्हटलं ना?"

त्याने छातीवर हात ठेवला. मग माझ्याकडे बोट केलं. मग खिडकीकडे.

"छातीत दुखतंय? हवा हवीय? खिडकी उघडू?"

जोरजोरात नकार. परत छाती, परत मी, आणि दोन बोटांनी टेबलावर चालून दाखवलं.

"चक्कर येतेय? चालता येत नाहीये?"

त्याने कपाळावर हात मारला. त्याच्या डोळ्यांत इतकी हताश विनवणी होती की मला हसू आलं. आणि हसता हसता, कसं कोण जाणे, इतक्या दिवसांचा गुंता आपोआप सुटल्यासारखा झाला. मी हातमोजे काढले. दार लोटलं. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"तुम्ही काही बोलू नका. रक्त येईल. मी बोलते. सगळं एका सुरात नाही सांगणार, फक्त एकच गोष्ट सांगते." मी स्टूल आणखी पुढे सरकवलं. "तुम्ही नव्हतात ना, तेव्हा मला दिवसभर कोणाशीतरी भांडावंसं वाटत होतं, आणि ते कोणीतरी तुम्हीच हवे होतात. मला तुम्ही आवडता. हे मी कोणालाही विचारलेलं नाही. दादाला नाही, मामाला नाही, आईलासुद्धा नाही. आता तुम्ही... मान हलवली तरी चालेल."

तो हलेचना. मला वाटलं, झालं! चुकलं माझं, परत उलट्या गेटातून शिरले...

मग त्याने मान हलवली. एकदा. दोनदा. मग थांबेचना.

"पुरे," मी म्हणाले. "बोळा निसटेल."

त्याने माझा हात धरला. त्याचा तळवा गार पडला होता, भीतीने, दाढेच्या की माझ्या कोण जाणे. बाहेर पुढचा पेशंट खोकला. मोठ्या डॉक्टरांनी दारावर टकटक केली. आम्ही दोघंही उठलो नाही.

"थंड काहीतरी खा, गरम नको," मी म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून.

तो हसला. पण भुलीने उजवी बाजू बधिर होती, त्यामुळे हसू डाव्या गालापर्यंतच पोचलं. उरलेलं अर्धं संध्याकाळी, भूल उतरल्यावर, त्याच्या स्वतःच्या नव्या नंबरावरून आलं. "डॉक्टर," तो म्हणाला, "हा फोन कोणाचा आहे, विचारा ना..."